पहिल्या खुर्चीवरचा टॉवेल

ता. ८ एप्रिल

प्रिय दादा, सलाम.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मला ओरडून घरातलं गल्लीला सांगायचं नाही, म्हणून पत्र. लांबलचक होणार आहे, तेव्हा आधी चष्मा शोध. तू जन्मभर चर्चचे पाळक होणाऱ्या पोरांना ग्रीक शिकवलंस. आपल्या घरात त्याचा आजवर कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही. आता झाला तर होईल.

आमचे हे घर सोडून गेले ते तुला माहीतच आहे. त्यानंतर एकदा शेजारच्या शिंप्याच्या फोनवर निरोप आला, "मी ठीक आहे, शोधू नका." पोलिसांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, माणूस ठीक आहे म्हणतोय, शोधू नका म्हणतोय, मग आम्ही नेमकं काय करायचं?" मी दुकानात परत आले.

त्या दुपारी मी वर गच्चीत दुकानाचे टॉवेल काढायला गेले होते. खाली आले तर दुकान उघडं, वस्तरा पुसून ठेवलेला, जमिनीवरचे केस झाडलेले. दाराजवळच्या पहिल्या खुर्चीच्या, म्हणजे ह्यांच्या खुर्चीच्या, हातावर ह्यांचा खांद्यावरचा टॉवेल. तोही नेहमीसारखा: उभी तीन पदरी घडी, घट्ट सुरळी आणि शेवटचं टोक आत खोचलेलं. रस्त्यावर फेकला तरी सुटणार नाही असा. त्याला मी अजून हात लावलेला नाही. दुकानाचे सगळे टॉवेल मी धुते, हा तेवढा धुतला नाही.

आता मुद्दा. मागच्या रविवारी आमच्या तरुण पाळकसाहेबांनी प्रभू पुन्हा उठला त्या रिकाम्या कबरेवर उपदेश केला. म्हणाले, बाकीची वस्त्रं पडलेली होती, पण प्रभूच्या डोक्याचा रुमाल वेगळा, नीट ठेवलेला होता. म्हणाले, त्या काळी धनी जेवता जेवता उठला आणि परत येणार असला, तर रुमालाची घडी करून ठेवायचा. नोकरांना ती खूण असायची. घडी म्हणजे "मी परत येणार". दादा, अख्खी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. सुताराच्या बायकोनं तर माझा गुडघाच दाबला. उपासनेनंतर तिघी जणी टॉवेल बघायला दुकानात आल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुतारीण म्हणाली, "आमचे हे टॉवेल जमिनीवर टाकतात. ते काही जन्मात कुठे जायचे नाहीत."

ह्यांचं शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे हेच पाळकसाहेब. मी त्यांना विचारलं होतं, जाताना हे काही बोलले का? "हवापाण्याचं बोललो," म्हणाले आणि कानाखाली खाजवत बसले.

घाई अशासाठी की हे असतानाच ठेवलेल्या नव्या कारागिराला पहिली खुर्ची हवी आहे. दुसऱ्या खुर्चीवर उजेड कमी आणि गिऱ्हाईक त्याला शिकाऊ समजतं, असं त्याचं म्हणणं. खोटं नाही. त्याला चौकातल्या सलूनमधून बोलावणं आहे. महिनाअखेर खुर्ची मिळाली नाही तर तो जाणार. तो गेला की दुकान बंद, कारण मला कात्री फक्त भाजीवर चालवता येते. पण खुर्ची दिली म्हणजे मी ह्यांची वाट बघायचं सोडलं असं होतं.

तेव्हा त्या रुमालाचं ग्रीक नाव काय, त्याचा अर्थ काय आणि घडी म्हणजे परत येणं हे खरं का, ते कळव. गोड करून लिहू नकोस. तुला तसंही येत नाही.

तुझी,
चिमा


ता. १५ एप्रिल

प्रिय चिमा,

अनेक आशीर्वाद. चष्मा कपाळावर होता.

शब्द आहे "सुदारियोन". मूळ ग्रीक नव्हे. रोमी लोकांच्या लॅटिनमधून उसना आला, आणि त्या भाषेत त्याचा संबंध घामाशी आहे. सुदारियोन म्हणजे घाम पुसायचं फडकं. बायबलच्या नव्या करारात तो चार ठिकाणी येतो. लूकच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, एक भित्रा चाकर धन्याने दिलेलं नाणं त्यात गुंडाळून ठेवतो. योहानात मेलेला लाजर जिवंत होऊन कबरेतून बाहेर येतो तेव्हा त्याच्या तोंडाला तो बांधलेला असतो. मग तुमच्या पाळकसाहेबांची रिकामी कबर. आणि प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या अंगाला लागलेले असे रुमाल लोक आजाऱ्यांकडे नेतात. चारांपैकी एकाही ठिकाणी कुणी जेवत नाही.

धनी जेवता जेवता उठला नि घडी घालून गेला, ही गोष्ट मीही ऐकली आहे. माझे विद्यार्थी दर वर्षी ती मला नव्याने सांगत. तिला जुन्या ग्रंथांत कुठेही आधार सापडत नाही. शिवाय तिथलं क्रियापद घडीचं नाही, गुंडाळण्याचं आहे. त्या रुमालातून "मी परत येणार" असा अर्थ निघत नाही. न्हाव्याचा उकिरडा कितीही उकरला तरी केसच निघणार.

मग योहानाने ते लिहिलं तरी कशाला? जुन्या काळच्या एका उपदेशकाचं म्हणणं मला पटतं. चोरांनी देह पळवला असता तर फडकी गुंडाळत बसले नसते. गुंडाळलेला रुमाल एवढंच सांगतो की जाणाऱ्याला कुणी ओढून नेलेलं नाही. तो आपणहून, शांतपणे, घाई न करता गेला.

मेहुण्यांबद्दल म्हणशील तर त्यांचं मला एकही पत्र आलेलं नाही, फोनही नाही.

मी बरा आहे. जिना चढताना दम लागतो. गच्चीतल्या खोलीचं दार निखळून पडलं होतं ते बसवून घेतलं. खुर्चीचा निर्णय तू तुझ्या सोयीने घे. ग्रीक भाषेला त्यात मत नाही.

तुझा,
दादा


ता. २१ एप्रिल

दादा,

तुला गोड करून लिहू नकोस म्हटलं होतं, मीठ चोळ असं नव्हतं म्हटलं.

तुझं पत्र मी काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं. गिऱ्हाईक बसलेलं होतं म्हणून रडता आलं नाही. "आपणहून, शांतपणे, घाई न करता." असं लिहिताना तुझ्या मनात एकदा तरी आलं का की हे वाचणार कोण आहे? लोक माझ्याकडे वळून वळून बघतात. ह्यांना कुणी पळवून नेलं असेल असं मनात धरून मी रात्री झोपत होते. आता तेही गेलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

घामाचं मात्र खरं आहे. टॉवेलाला त्यांच्या घामाचा नि साबणाच्या फेसाचा वास आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की नव्या कारागिराची पाठ वळेपर्यंत थांबते नि वाकून वास घेते. एवढं तुलाच सांगितलं, मंडळीत सांगू नकोस.

मला काही केल्या कळत नाहीय ते म्हणजे कारण. भांडण नव्हतं. म्हणजे नेहमीचं होतं, जादा नव्हतं. शेवटच्या दिवसांत एवढंच, की चहा कपबशीऐवजी पितळी पेल्यातून मागायला लागले. "बशी उगीच धुवायला पडते," म्हणाले. दाढीची गिऱ्हाइकं नव्या कारागिराकडे ढकलायचे नि स्वतः नुसते केस कापायचे. जेवताना माझ्या समोर बसेनात, बाजूला बसायचे. माझा कंटाळा आला, असंच मी समजले. इतकी वर्षं एकाच बाईचं तोंड बघून येऊ शकतो. पण मग बशीचा का कंटाळा आला ते कळत नाही.

दुसरं काम. नव्या कारागिरानं मागचा आरसा फोडला. गिऱ्हाइकाला मानेवरचे केस दाखवायला डोक्यामागे धरतात तो. बाजारातला आणला तर त्यात माणसाची मान घोड्यासारखी दिसते. आईचा लाकडी मुठीचा आरसा तुझ्या कपाटात पडून आहे. तुला त्यात बघण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तो पाठव. नीट बांध. मागच्या वेळी तू पाठवलेला काचेचा दिवा मला चुरा होऊन पुडीत मिळाला होता.

नवा कारागीर कामाला चांगला आहे, पण तोंडातून शब्द काढत नाही. गिऱ्हाइकं दात काढायला आल्यासारखी बसतात. आणि टॉवेलाची सुरळी त्याला जमत नाही. दोनदा दाखवली. मलाही जमत नाही म्हणा, टोक बाहेर येतं. महिना संपत आला.

चिमा


ता. २६ एप्रिल

प्रिय चिमा,

आशीर्वाद. आरसा वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. ह्या वेळी फुटणार नाही. बांधायचं काम मी जाणत्या हातांकडून करून घेतलं.

तू लिहिलंस ते बरोबर आहे. मी उत्तर दिलं शब्दाचं, आणि विचारलं होतं तू. ह्याबद्दल मला वाईट वाटतं. ते लिहून टाकतो, कारण समोर आलीस तर मला बोलता येणार नाही.

त्या शब्दाकडे मी पुन्हा पाहिलं. मागच्या पत्रात मी पहिल्या ठिकाणावरून पटकन पुढे गेलो. दाखल्यातला तो चाकर चोर नाही, आळशी म्हणावा तर तसंही तो बोलत नाही. तो भ्यालेला आहे. हातातलं नाणं हरवेल, धनी रागावेल, म्हणून तो ते घाम पुसायच्या फडक्यात गुंडाळतो आणि दूर ठेवून देतो. घामाचं फडकं रिकामं कधी असतं? माणूस काम करत नसतो तेव्हा. जन्मभर वर्गात मी त्या चाकराला नावं ठेवली. आता त्याला दोन वेळचं जेवायला वाढायची पाळी आली तर मी तेवढ्या जोरात नावं ठेवीन असं वाटत नाही.

लाजराचंही तसंच. तो कबरेतून स्वतः चालत बाहेर आला खरा, पण तोंडावरचा रुमाल त्याला स्वतःला सोडता आला नाही. बाजूच्या माणसांना सांगावं लागलं, ह्याला मोकळं करा.

एक प्रश्न विचारतो. हा केवळ समजण्यासाठी आहे. समजा एखाद्या कारागिराचा हात थरथर कापायला लागला. वस्तरा धरता येत नाही, बशी वाजते. त्याची बायको त्याला दुकानात ठेवून घेईल का? की नव्या माणसाच्या शेजारी बसवून गिऱ्हाइकांना दाखवील? तुला अनुभव आहे म्हणून विचारलं. मला ह्या विषयावर कुठल्याही ग्रंथात काही सापडलं नाही.

उत्तर लवकर दे. घरात वाट पाहत आहेत, म्हणजे मी पाहत आहे.

तुझा,
दादा


ता. ३० एप्रिल

दादा, सलाम.

आरसा पोचला. फुटला नाही. आभारी आहे.

टॉवेलही पोचला.

आरसा ज्या टॉवेलात होता तो मी काउंटरवर ठेवला आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. उभी तीन पदरी घडी. घट्ट सुरळी. शेवटचं टोक आत खोचलेलं. मी तो जोरात टेबलावर आपटला. सुटला नाही. नवा कारागीर कात्री थांबवून बघत राहिला आणि इथे आल्यापासून खुर्चीचा विषय सोडून पहिल्यांदा आपणहून बोलला. म्हणाला, "ही तर बरोबर जमली."

काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते. एकही पत्र आलेलं नाही, म्हणे! फोनही नाही! माणूस गच्चीतल्या खोलीत दार बसवून राहत असेल तर पत्र कशाला लिहील? ग्रीक शिकून एवढं मात्र चांगलं आलं हो तुला, खोटं न बोलता फसवायचं. वचन घेतलं असेल त्यांनी तुझ्याकडून, तेही कळतं. म्हणून फक्त अर्धी रागावले आहे.

मग मी दुकानाला कडी लावून पाळकसाहेबांकडे गेले. विचारलं, त्या दिवशी तुमच्या कानाखाली काय झालं होतं? आधी म्हणाले, डास. मग माझं तोंड बघून म्हणाले, वस्तरा लागला होता. बराच लागला होता. हात थरथरत होता. तुरटी लावूनही रक्त लवकर थांबलं नाही. हे तेवढा वेळ त्यांच्या गळ्याला टॉवेल धरून उभे होते. पाळकसाहेबांना वाटलं, आपण हे सांगितलं तर त्यांची अब्रू जाईल. म्हणून त्यांनी सांगितलं नाही आणि मला बरं वाटावं म्हणून जेवणातल्या रुमालाचा उपदेश केला. सगळ्यांनीच माझ्यावर दया केली. एकानं तरी खरं सांगितलं असतं तर मी कमी रडले असते.

आता हे पुढचं वाचू नकोस. कागद त्यांच्या हातात दे. त्यांचा हात कापत असेल तर टेबलावर ठेव.

अहो,

मला तुमचा राग आला आहे. फार. तुम्हाला मी नकोशी झाले असं समजून मी दिवस काढले, आणि तुम्ही माझ्याच भावाच्या घरी बसून पार्सलं बांधताय.

हात कापतो तर कापतो. तुमच्या आईचाही कापायचा, तरी त्या शेवटपर्यंत आपली वेणी आपण घालत होत्या. वाकडी यायची. कुणी त्यांना घराबाहेर काढलं नाही. डॉक्टरला दाखवलंत का? दाखवलं नसेल. इथे आल्यावर दाखवायचं, मी बरोबर येणार, नाहीतर तुम्ही डॉक्टरला हवापाण्याचं सांगाल.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे दारात येऊन तोंड पडायला नको. पहिली खुर्ची मी आज नव्या कारागिराला दिली. ती आता तुमची नाही. मला देताना वाईट वाटलं, पण तो चांगला आहे आणि दुकान चालायला हवं. वस्तरा तुम्ही धरायचा नाही. त्याबद्दल मी दया दाखवणार नाही, कारण लोकांचे गळे आहेत.

पण काउंटरच्या बाजूला स्टूल आहे. तिथे बसून गिऱ्हाइकाशी बोलायला माणूस नाही. गरम टॉवेल पिळून सुरळ्या करायला माणूस नाही. तुमच्या हाताला सुरळी अजून येते, पुरावा माझ्यासमोर पडला आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण दादानं तोही पाठवला.

तुमचा तो टॉवेल मी आज धुतला. खुर्ची नवीन माणसाला द्यायची तर तिच्यावर तुमचा टॉवेल ठेवता येईना. दोरीवर वाळत घातला आणि मग नाक लावून बघितलं. वास गेला. त्यानंतर मी जिन्यात बसून रडले. आता वास हवा असेल तर माणूसच आणावा लागेल.

मी न्यायला येणार नाही. आपले पाय आपण वापरून गेलात, तसेच या. चहा पेल्यात देईन.

तुमची,
मी


ता. ४ मे

प्रिय चिमा,

आशीर्वाद. तुझं पत्र सांगितल्याप्रमाणे टेबलावर ठेवलं. "पुढचं वाचू नकोस" इथपर्यंतच मी वाचलं. त्यांनी मात्र ते मोठ्याने वाचलं, त्यामुळे मला सगळं माहीत आहे. "तुमच्या आईचाही कापायचा" इथे ते थांबले. मी चहा केला. तो निवला.

मग त्यांनी मला एवढंच विचारलं, "स्टूल कुठलं? तीन पायांचं की चार?" मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तीन पायांचं असेल तर डुगडुगतं. बघायला पाहिजे." आणि गच्चीत गेले.

मी त्यांच्यासाठी थोडं बोलायचं ठरवलं होतं. कृत्यांतलं चौथं ठिकाण निवडलं होतं. पौलाचे रुमाल काही नवे कोरे नव्हते, कामाच्या माणसाच्या घामाचे होते, आणि तरी त्यांनी लोक बरे झाले, असं काहीतरी. मुद्दे काढून ठेवले. सकाळी ते सांगायला वर गेलो.

खोलीत कुणी नव्हतं. दार सताड उघडं, नळ चालू, पांघरूण अर्धं खाटेवर, अर्धं खाली. टॉवेल जमिनीवर बोळा होऊन पडला होता आणि त्याचं एक टोक बादलीत भिजत होतं. मी तो उचलून उजेडात धरला. तीन पदरी घडी नाही, सुरळी नाही, खोचलेलं टोक नाही. सवयीने मनात शब्द शोधू लागलो आणि मग लक्षात आलं की ह्या वेळी शब्दाची गरज नाही. असला टॉवेल कुठल्याही भाषेत काय सांगतो ते कुणीही वाचू शकेल. पहिल्या वेळी ते शांतपणे, घाई न करता गेले होते.

तुमच्या मंडळीतल्या त्या सुतारीणबाईंना माझा सलाम सांग. टॉवेल जमिनीवर टाकणारा माणूस कुठे जात नाही, हे त्यांचं म्हणणं पुष्कळसं बरोबर आहे. तो घरी जातो.

टॉवेल मी धुवायला टाकला. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ते बहुधा तुझ्या काउंटरजवळ बसलेले असतील. त्यांच्या पायांकडे बघ. डावी चप्पल माझी आहे. ती परत पाठव, आणि बांधायला त्यांनाच सांग.

तुझा,
दादा